लांबून हरणाची शिकार: मध्यम बोअरचं काडतूस निवडताना हिशोब उलटीकडून करा

रायफल घ्यायची ठरली की पहिला प्रश्न असतो "कुठलं काडतूस घेऊ" आणि लगेच दोन तट पडतात, एक म्हणतो .३०८ (हा आकडा म्हणजे बोअर, गोळीची जाडी इंचात) सोडून बाकी सगळा शौक, दुसरा म्हणतो मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) नसेल तर घराबाहेर पडू नको. दोघंही नळीच्या तोंडाशी उभे राहून बोलत असतात. हरीण मात्र नळीच्या तोंडाशी नसतं, ते ३००-४०० यार्डांवर असतं, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर गोळीत काय उरलंय इथून सुरुवात करायची आणि मागे मागे येत काडतुसापर्यंत पोहोचायचं. हा लेख त्या उलट्या हिशोबाचा.

आधी एक स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपलाय, तेव्हा हे सगळं जिथे परवाना काढून, हंगामात, कायदेशीर हरणाची शिकार होते तिथल्यासाठी आहे.

"मध्यम बोअर" म्हणजे नक्की काय यावर एकमत नाही. जुनी मंडळी .३३ पासून .३७५ पर्यंतच्या काडतुसांना मध्यम म्हणायची, आता बरेच जण ७ एमएम आणि .३० सुद्धा त्यात ढकलतात. मी इथे ६.५ एमएम पासून .३५ पर्यंत सगळं एकाच टेबलावर ठेवतोय, कारण दुकानात उभं राहिल्यावर निवड प्रत्यक्षात यांच्यातच करायची असते.

पायरी १: जनावर कोणतं आणि कायदा काय म्हणतो

हरीण हरीण म्हणून सगळं एकाच मापात धरू नका. रो डिअर २०-३० किलोचं, व्हाइटटेल नर ६० पासून सव्वाशे किलोपर्यंत, रेड डिअरचा मोठा नर दोनशेच्या पुढेही जातो आणि एल्क तर तीनशेच्या वर. रो साठी जे काडतूस भरपूर तेच एल्कच्या फऱ्याच्या हाडावर कमी पडू शकतं. वर्मी जागा म्हणजे काळीज-फुप्फुसाचा भाग, तो व्हाइटटेलमध्ये साधारण ८ इंचाचा गोल धरतात, रो मध्ये ५ इंच धरा, जास्त नको.

मग कायदा, कारण काही ठिकाणी निवड आधीच अर्धी झालेली असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये रो सकट बहुतेक हरणांसाठी बोअर किमान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी किमान १७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते. जर्मनीत रो साठी १०० मीटरवर १००० ज्यूल चालतात पण त्याहून मोठ्या खुरवाल्या जनावरांना किमान ६.५ एमएम आणि १०० मीटरवर २००० ज्यूल. बघा, जर्मनांनी हिशोब नळीपाशी न करता १०० मीटरवर लावलाय, मला हे जास्त पटतं. अमेरिकेत काही राज्यांत ठराविक भागात फक्त सरळ भिंतीची (गोळीकडे मान अरुंद न होणारी) काडतुसं चालतात, तिथे या लेखातलं जवळपास काहीच कामाचं नाही. आणि कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही, हा मुद्दा पुढे पुन्हा येईल कारण तांब्याची गोळी आली की आकडे बदलतात.

पायरी २: पोहोचताना वेग किती हवा

ही पायरी लोक गाळतात आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची हीच. शिकारीची गोळी आत गेल्यावर फुलली पाहिजे, म्हणजे पुढचं टोक उघडून मशरूमसारखं पसरलं पाहिजे. ते वेगावर अवलंबून असतं. वेग कमी पडला तर गोळी पेन्सिलीसारखी आरपार जाते, हरीण धावत सुटतं आणि तुम्ही संध्याकाळभर रक्ताचा माग शोधत फिरता.

ढोबळ आकडे असे (पुढे वेग लिहिताना नुसतं "फूट" म्हणेन, म्हणजे फूट प्रति सेकंद): नेहमीच्या शिशाच्या, वर तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांना १८०० फूट तरी हवेत. पूर्ण तांब्याच्या गोळ्यांना मी २००० च्या खाली जाऊ देत नाही, कंपनी काही म्हणो. लांब पल्ल्यासाठी मुद्दाम बनवलेल्या, उदाहरणार्थ हॉर्नडीच्या ईएलडी-एक्स सारख्या, १६०० पर्यंत फुलतात असं कंपनी सांगते. तुम्ही जी गोळी घ्याल तिचा किमान वेग कंपनीच्या माहितीत बघा आणि वहीत लिहून ठेवा, पुढे सगळं त्यावर चालणार आहे.

ऊर्जेचा आकडाही लोक विचारतात. हरणाला लागताना १००० फूट-पाउंड असावेत असा जुना संकेत आहे, वाईट नाही, पण त्यावर फार विसंबू नका. काढायचा असेल तर गोळीचं वजन ग्रेनमध्ये (गोळ्या तोलायचं बारीक माप) गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०,२४०. १५० ग्रेनची .३०८ गोळी २८२० फुटांनी निघाली तर साधारण २६५० फूट-पाउंड होतात. तीच ४०० यार्डांवर १९८० च्या आसपास येते, म्हणजे १३०० फूट-पाउंड. संकेतात बसते. पण गोळी पूर्ण तांब्याची असेल तर वेग आधीच २००० च्या खाली गेला! ऊर्जा पास आणि गोळी नापास, म्हणून म्हणतो वेग बघा.

आणि उलट बाजूही आहे. पातळ आवरणाची गोळी मॅग्नममधून ३१०० फुटांनी काढली आणि हरीण अचानक ५० यार्डांवर निघालं तर ती फऱ्यावरच फुटते, मांस नासतं आणि कधी कधी आत पोहोचतच नाही. लांबचा बेत करून गेलात तरी जवळचा बार कधीही समोर येतो.

पायरी ३: वारा. इथे थोडं थांबा

गोळी किती खाली पडते याची चर्चा सगळे करतात, खरं तर ती सोडवायला सोपी आहे. रेंजफाइंडरने अंतर कळतं, तक्ता बघितला, स्कोपची घुंडी फिरवली, झालं. वारा कोणतंच यंत्र पूर्ण सांगत नाही, कारण तुमच्यापाशी एक, मधल्या दरीत दुसरा आणि हरणापाशी तिसराच असतो.

तीन काडतुसं घेऊन मी आडव्या १० मैल ताशी वाऱ्याचा हिशोब करून बघितला, अंतर ४०० यार्ड:

६.५ क्रीडमूर, १४३ ग्रेन, निघतानाचा वेग २७००: गोळी साधारण ९ इंच सरकते.
.३०८ विंचेस्टर, १५० ग्रेन, २८२०: साधारण साडेचौदा इंच.
.३५ व्हेलन, २०० ग्रेन साधी टोकदार गोळी, २९१०: २१ इंच!

गंमत बघा, जी सगळ्यात जोरात निघाली तीच सगळ्यात जास्त वाहून गेली. कारण बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे गोळी हवा किती सफाईने कापते त्याचा आकडा. जितका मोठा तितकी गोळी वेग टिकवून ठेवते. वरच्या क्रमाने हे आकडे .६२५, .४१५ आणि .२८ च्या आसपास आहेत. जाड बोअरची गोळी हलकी ठेवली की ती बुटकी होते आणि हवेत अडते, बारीक बोअरची तेवढ्याच वजनाची गोळी लांबसडक होते. .३५ व्हेलनची ही गोळी ४०० ला १७५० च्या खाली उतरलेली असते, म्हणजे आपल्या १८०० च्या रेषेखाली. जवळच्या झाडीत हे काडतूस जबरदस्त आहे, पण लांबच्या कामासाठी ते बनलेलंच नाही.

आता याचा अर्थ काय लावायचा? तुमचा वाऱ्याचा अंदाज अर्धा चुकला, म्हणजे १० चा वारा असताना तुम्ही ५ चा धरला, तर क्रीडमूरची गोळी साडेचार इंच चुकते, .३०८ ची सव्वासात आणि व्हेलनची साडेदहा. ८ इंचाच्या वर्मी गोलात मधोमध नेम धरला तर तुमच्या हातात फक्त ४ इंच आहेत. म्हणजे क्रीडमूर काठाच्या जेमतेम बाहेर आणि बाकी दोघं सरळ पोटात किंवा हवेत. माझ्या मते लांब पल्ल्याच्या काडतुसाची खरी परीक्षा हीच, तुमची चूक ते किती माफ करतं.

मोठ्या काडतुसांचं काय? ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नममध्ये १६२ ग्रेनची लांबट गोळी २९४० ने काढली तर ४०० ला साधारण ८ इंच. .३३८ विन मॅगची २२५ ग्रेन ११-१२ इंच. म्हणजे .३३८ चा धक्का खांद्यावर घेऊनही वाऱ्यात तुम्ही क्रीडमूरच्या मागेच राहिलात. तिचा फायदा वजनात आणि हाड फोडण्यात आहे, हरणाला त्याची गरज क्वचित पडते, एल्क आणि अस्वल असलेल्या भागात जाणाऱ्याने मात्र विचार करावा.

पायरी ४: खांदा

आठ-साडेआठ पाउंडाच्या रायफलमध्ये धक्का ढोबळमानाने असा: ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर १२-१४ फूट-पाउंड, .३०८ सोळा-सतरा, .३०-०६ वीसच्या आसपास, .३०० विन मॅग २६ आणि पुढे, .३३८ विन मॅग ३३ च्या घरात. वीसच्या पुढे बहुतेकांचा नेम बिघडायला लागतो आणि कुणी कबूल करत नाही.

कबूल करून घ्यायची युक्ती आहे. मित्राला सांगा, तुला न दाखवता मॅगझिनमध्ये चार खऱ्या काडतुसांमध्ये एक डमी घाल. डमीची पाळी आली की बार होत नाही आणि नळीचं टोक जर खाली बुडालं किंवा डोळे मिटले गेले तर समजायचं की तुम्ही धक्क्याला आधीच घाबरताय. मी स्वतः .३०० विन मॅगवर दोन हंगाम "मला काही होत नाही" म्हणत काढले आणि पहिल्याच डमीला नळीने अशी मान टाकली की मित्र हसून हसून खाली बसला. ती रायफल विकली, .२८० घेतली, आणि त्याच वर्षी ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पसारा) अर्धा झाला.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा, वायू बाजूला सोडणारा तुकडा) लावला की धक्का कमी होतो हे खरंय, पण आवाज कान फोडतो आणि शेजारी उभ्या वाटाड्याचे शिव्याशाप मिळतात. कायद्याने चालत असेल तिथे सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) जास्त बरा. शिवाय हलकी रायफल हौसेने घेताना लक्षात ठेवा, तेच काडतूस सहा पाउंडाच्या रायफलमधून जास्त लाथ मारतं.

पायरी ५: आता यादीतून खरंच निवडायचं

वरचं सगळं जमलं असेल तर निवड अवघड राहत नाही.

रो ते व्हाइटटेल, ३०० यार्डांपर्यंत, कधीमधी ४००: ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ रेमिंग्टन. दुसरं १९८० चं, .३०८ चीच मान बारीक करून बनवलेलं, १४० ग्रेनची गोळी २८०० च्या वर देतं आणि मला हे काडतूस आवडतं हे लपवत नाही. क्रीडमूर २००७ चं, तिची टिंगल करायची फॅशन आहे पण कागदावर आणि रानात दोन्हीकडे ती बोलते ते करून दाखवते. तोंडाने जे हसतात त्यांच्यापैकी कितीतरी जण १८९४ च्या ६.५×५५ स्वीडिशची मात्र भक्ती करतात, आणि हरणाला या दोघींतला फरक कळत नाही.

.३०८ विंचेस्टर, १९५२ पासूनचं: गोळ्यांची निवड प्रचंड, सराव करायला सोपं, नळी खूप टिकते. लांबसाठी घ्यायचं तर १५० ची साधी गोळी सोडा आणि १६५-१७८ ग्रेनची जास्त कोएफिशंटवाली घ्या, वाऱ्यात लगेच फरक दिसतो.

.२७० विंचेस्टर १९२५ चं, १३० ग्रेन ३०६० ने, ३०० यार्डांपर्यंत इतकं सपाट जातं की घुंडीला हात लावावा लागत नाही. अडचण एकच, जुन्या रायफलींच्या नळीत आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) १० इंचाला एक वेढा असे असतात, त्यात खूप लांब आणि जड गोळ्या स्थिर राहत नाहीत. काडतूस आवडलं म्हणून लांब गोळी घेण्याआधी नळीचा ट्विस्ट बघा, तांब्याच्या गोळीला तर नक्की, कारण ती त्याच वजनाला जास्त लांब असते.

.३०-०६ स्प्रिंगफिल्ड, नावातच १९०६ आहे. हरणापासून एल्कपर्यंत एकच रायफल ठेवायची असेल तर आजही माझं पहिलं बोट याच्याकडे. १८० ग्रेन २७०० ने.

रेड डिअर, एल्क आणि उघड्या डोंगरावर ४००: ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) किंवा २०२२ चं नवं ७ एमएम पीआरसी. पीआरसीच्या नळीत आटे ८ इंचाला एक असतात त्यामुळे १७५ ग्रेनच्या लांब गोळ्या सहज चालतात. .३०० विन मॅग याच कामाला, फक्त खांदा तेवढा हवा.

.३३८ फेडरल, २००६ चं, .३०८ चीच मान रुंद करून, २०० ग्रेन साधारण २७०० ने. दाट झाडीत, रानडुक्कर आणि मोठं हरीण दोन्ही असताना छान. २५० यार्डांपुढे मला त्यात काही कारण दिसत नाही. तेच ९.३×६२ बद्दल, १९०५ पासून लोक त्याच्यावर जीव टाकतात, बरोबरच आहे, पण या कामासाठी नाही.

पायरी ६: खोक्यावरचा आकडा खरा धरू नका

कंपनी वेग मोजते ती बहुतेक वेळा २४ इंची नळीतून. तुमची २० इंची असेल तर इंचाला २०-३० फूट कमी धरा, म्हणजे एकूण शंभरएक फूट गेले. .३०८ दर १०० यार्डांना २०० फुटांहून थोडं जास्त वेग गमावते, म्हणजे नळी चार इंच कापली की तुमची मर्यादा जवळपास ५० यार्डांनी जवळ आली. क्रोनोग्राफ उधार मिळाला तरी चालेल पण स्वतःच्या रायफलचा वेग मोजा, दहा बार, सरासरी काढा.

तो आकडा बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये घाला. उदाहरण म्हणून, क्रीडमूर २०० यार्डांवर झीरो केली (म्हणजे नेम तिथेच गोळी पडेल अशी स्कोप जुळवली) तर ३०० ला साधारण ८ इंच खाली, ४०० ला २३, ५०० ला ४५. पण हा तक्ता म्हणजे अंदाज, खरं ते कागदाच्या टार्गेटवर ३०० आणि ४०० ला स्वतः बार काढून बघायचं आणि तक्त्यात दुरुस्ती करायची. उंच डोंगरावर हवा विरळ असते, तिथे गोळी कमी खाली येते. चढावर-उतारावर अंतर आडवं धरायचं, ३० अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर ४०० दाखवत असेल तर ३४५ चा नेम. चांगले रेंजफाइंडर हे स्वतःच करून देतात, फक्त तो मोड चालू आहे का बघा.

पायरी ७: थाळीने तुमची मर्यादा ठरवा

८ इंचाची कागदी थाळी घ्या, रो साठी ५ इंचाची. बेंच नाही, सँडबॅग नाही. रानात जसं बसाल तसं, काठ्यांवर किंवा सॅकवर पालथं पडून, आणि शक्य असेल तर आधी शंभर पावलं पळून या म्हणजे श्वास चढलेला असेल. थंड नळीतून तीन बार. तिन्ही थाळीत पडले तर ५० यार्ड मागे जा. पुन्हा तीन. जिथे एक बाहेर गेला त्याच्या आधीचं अंतर ही तुमची मर्यादा, आणि हे एका दिवसात नाही, चार वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक वाऱ्याचा. सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा घ्या.

बहुतेकांचं उत्तर २५० ते ३०० मध्ये येतं आणि थोडं लागतं मनाला. रायफल १ एमओएची (कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) असली तरी माणूस काठ्यांवरून २ एमओए मारत असेल तर ४०० ला ग्रुप ८ इंचांचा झाला, वारा अजून धरलाच नाही. शिवाय .३०८ ची गोळी ४०० यार्ड जायला अर्धा सेकंद घेते. चरणारं हरीण अर्ध्या सेकंदात एक पाऊल सहज टाकतं आणि वर्मी धरलेला नेम पोटात जातो, याला कुठलंच काडतूस औषध नाही. ते उभं राहून तुमच्याकडे आडवं वळेपर्यंत थांबायचं, नाही वळलं तर परत यायचं.

आता दोन आकडे झाले, एक गोळीचा वेग जिथे संपतो ते अंतर आणि दुसरा थाळीचा. जो लहान तो तुमचा. थाळीचा २८० आला आणि गोळीचा ४५० असेल तर मॅग्नम घ्यायची गरजच नाही, उरलेले पैसे काडतुसांच्या खोक्यांवर आणि चांगल्या स्कोपच्या माउंटवर घाला. उलट झालं, तुम्ही ४०० ला खरंच मारताय आणि गोळी ३५० लाच थकते, तेव्हा आधी गोळी बदला, मग काडतूस, रायफल सगळ्यात शेवटी.

निवड पक्की झाली की एकाच लॉट नंबरची खोकी हंगामभर पुरतील इतकी एकदम घ्या, लॉट बदलला की झीरो दोन-तीन इंच सरकलेला मी पाहिलाय आणि तो कळतो नको तेव्हा. खोकं उघडलं की झीरो तपासा, प्रवासानंतर पुन्हा तपासा, आणि दुरुस्त केलेला तक्ता छोट्या अक्षरात लिहून दस्त्याच्या डाव्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवा. फोनची बॅटरी थंडीत मरते, चिकटपट्टी मरत नाही.